'देवाला कोणी निर्माण केलं?' या प्रश्नाने आदिकारणाचा युक्तिवाद कोसळतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "प्रत्येक गोष्टीला कारण असतं, म्हणून जगालाही कारण हवं आणि ते कारण म्हणजे ईश्वर, असं आमचे काका ठामपणे सांगतात. मी विचारलं, मग ईश्वराचं कारण काय? ते म्हणाले, तो अपवाद. मला हे पटत नाही. पहिलं कारण असलंच पाहिजे, असं तत्त्वज्ञानात खरंच सिद्ध झालंय का? आणि बिग बँगमुळे हा वाद मिटला की नाही?"

काकांनी मांडला तसाच युक्तिवाद असेल, तर तुमचा प्रश्न बिनतोड आहे. 'प्रत्येक गोष्टीला कारण असतं' असं आधी म्हणायचं आणि शेवटी 'एका गोष्टीला कारण नाही' असा निष्कर्ष काढायचा, हे चालत नाही. अपवाद करायचाच तर तो खुद्द जगाच्या बाबतीत का करू नये, हे काकांना सांगता आलं पाहिजे. पण या विषयातल्या मोठ्या नावांपैकी कोणीच युक्तिवाद असा मांडलेला नाही. अ‍ॅरिस्टॉटलने नाही, इराणी तत्त्वज्ञ इब्न सीनाने नाही, ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अ‍ॅक्विनासने नाही, आपल्याकडच्या उदयनाचार्यांनीही नाही. त्यांची सुरुवात 'प्रत्येक गोष्टीला' अशी नसते. जे बदलतं त्याला कारण लागतं, जे नसूही शकलं असतं त्याला कारण लागतं, जे कार्य आहे, म्हणजे घडवलं गेलेलं आहे, त्याला कारण लागतं, अशी असते. मग ज्यात बदल नाही, जे नसूच शकत नाही किंवा जे कार्यच नाही, त्याचं कारण विचारायची वेळ येत नाही. अपवाद मागाहून चिकटवलेला नाही, नियमाची व्याप्तीच तेवढी आहे. तो नियम खरा आहे का, हा वाद मात्र चांगलाच अवघड आहे.

तुमचा प्रश्न इतका गाजला तो बऱ्याच अंशी ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलमुळे. १९२७ साली लंडनमधल्या बॅटर्सी इथे दिलेल्या व्याख्यानात त्याने सांगितलं की, अठराव्या वर्षी जॉन स्टुअर्ट मिलचं आत्मचरित्र वाचताना त्यातल्या एका वाक्यापाशी तो थबकला. मिलला वडिलांनी शिकवलं होतं की 'मला कोणी निर्माण केलं' या प्रश्नाला उत्तर देता येत नाही, कारण त्यातून लगेच 'देवाला कोणी निर्माण केलं' हा प्रश्न उभा राहतो. तिथे रसेलने आदिकारणाचा युक्तिवाद सोडून दिला. त्याच व्याख्यानात त्याने एक विनोदही केला: हिंदू म्हणतो, जग हत्तीवर उभं आहे आणि हत्ती कासवावर. कासव कशावर, असं विचारलं की तो म्हणतो, आपण विषय बदलू या.

ज्याच्या तोंडी रसेलने हे वाक्य घातलं, त्याच्या देशातल्या तार्किकांनी 'कासवाखाली काय?' या पेचाला अनवस्था असं नाव दिलं होतं, ती कुठे दोष ठरते आणि कुठे ठरत नाही याचे निकष बसवले होते आणि त्यावरून शतकानुशतकं एकमेकांची सालटी काढली होती. विषय कोणीही बदलला नव्हता. म्हणून मी हा प्रश्न वर्गात शिकवताना युरोप आणि भारत वेगळे काढत नाही. दोन्हीकडचे लोक त्याच खिंडीत अडकले आणि एकाने दिलेलं उत्तर दुसऱ्याच्या अडचणीला अनेकदा नेमकं लागू पडतं.

आता 'पहिलं' म्हणजे काय, ते बघू. इथे दोन अगदी वेगळ्या कल्पनांची गल्लत होते. एक, काळाने पहिलं: मागे मागे जात राहिलं की कुठेतरी साखळी सुरू झाली असणार आणि ती सुरू करणारा कोणी असणार. दोन, आधाराने पहिलं: आत्ता या क्षणी जे काही आहे ते कशाच्या तरी आधारावर आहे, तो आधार दुसऱ्या कशाच्या आधारावर, आणि या क्रमात शेवटी स्वतःच्या बळावर असलेलं काहीतरी हवं. घरातल्या दह्याचं बघा. आजचं दही कालच्या विरजणाने लागलं, कालचं परवाच्या. परवाचं दही केव्हाच खाऊन संपलं, तरी आजच्या दह्याचं काही बिघडत नाही. ही साखळी मागे अनंत असायला तर्काची तरी काही हरकत दिसत नाही. पण भांडं फळीवर, फळी भिंतीतल्या खुंट्यांवर आणि खुंट्या भिंतीच्या आधाराने, हा क्रम तसा नाही. यातला प्रत्येक दुवा आत्ता हजर हवा. एक जरी निखळला तरी दही जमिनीवर. इथे 'खाली अनंत फळ्या आहेत, भिंत कुठेच नाही' असं म्हटलं तर भांडं वर का आहे हे कोणीच सांगितलेलं नसतं.

अ‍ॅक्विनासने (१२२५–१२७४) हा भेद स्पष्ट केला आहे. त्याचं उदाहरण कारागिराचं आहे. कारागीर एक हातोडा तुटला की दुसरा घेतो, दुसरा तुटला की तिसरा. या हातोड्यांची रांग अनंत असली तरी चालेल, कारण आताच्या घावाला आधीचा हातोडा लागत नाही. माणसापासून माणूस जन्मतो, ही परंपरा मागे अनंत असणं अशक्य नाही, असं तो स्वच्छ म्हणतो. याउलट, हाताने काठी हलवली आणि काठीने दगड ढकलला, तर काठीची गती त्याच क्षणी हातातून येते. असा क्रम अनंत मागे नेता येत नाही.

उत्तरपत्रिकांत हमखास दिसणारं वाक्य आहे: 'अ‍ॅक्विनासच्या मते जगाला सुरुवात आहे, म्हणून सुरुवात करणारा ईश्वर आहे.' जगाला सुरुवात आहे हे तो मानत होता हे खरं, पण श्रद्धेने. बुद्धीने ते सिद्ध करता येत नाही, हे त्याने स्वतःच लिहिलं आहे, आणि वर असंही बजावलं आहे की अशा लटक्या सिद्धता मांडल्या तर न मानणाऱ्यांना हसायला निमित्त मिळतं. ईश्वर सिद्ध करताना त्याने 'जग कायमचं असलं तरी' हे गृहीत धरून गाडी हाकली आहे. हा अ‍ॅरिस्टॉटलचा वारसा. अ‍ॅरिस्टॉटलच्या लेखी विश्व अनादि आहे. त्याचा स्वतः न हलता हलवणारा विश्वाला कधीकाळी धक्का देऊन मोकळा झालेला नाही. प्रिय वस्तू जशी प्रेम करणाऱ्याला आपल्याकडे ओढते, तसा तो विश्वाला सतत गतीत ठेवतो. गंमत अशी की असा चालक एकच, असंही अ‍ॅरिस्टॉटल सरळपणे म्हणत नाही. आकाशातल्या गोलांचा हिशोब मांडून तो ५५ किंवा ४७ असे आकडे देतो. तत्त्वज्ञान शिकायला येणाऱ्या भाविक विद्यार्थ्यांना हा तपशील फारसा आवडत नाही.

काळाने पहिलं कारण शोधणारा पंथ वेगळा, आणि तो मुख्यतः इस्लामी कलामपंथीयांचा, म्हणजे तर्काने धर्ममत मांडणाऱ्यांचा. गझालीने (१०५८–११११) तत्त्वज्ञांच्या २० मतांवर टीका करताना तीन मतं थेट धर्मबाह्य ठरवली. त्यांतलं एक जगाच्या अनादित्वाचं. जे सुरू होतं त्याला कारण असतं, जग सुरू झालं, म्हणून जगाला कारण आहे, हे त्याचं सूत्र. आज यूट्यूबवरच्या वादांत जे ऐकू येतं ते बहुतेक हेच असतं. इब्न सीनाचा (९८०–१०३७) मार्ग याहून खोल आहे, आणि माझ्या मते या सगळ्या परंपरेतला सर्वांत मजबूत. तो म्हणतो, साखळी सांत की अनंत, या वादात पडूच नका. जे जे 'असूही शकतं, नसूही शकतं' असं आहे, ते सगळं एकत्र घ्या, अनंत असलं तरी घ्या. हा सगळा समुदाय स्वतःच्या स्वरूपानेच अटळ आहे का? नसेल, तर तो का आहे याचं उत्तर त्याच्या बाहेर हवं. आणि बाहेर म्हणजे 'नसूही शकतं' या वर्गाच्या बाहेर, म्हणजे जे नसूच शकत नाही अशाकडे. सातशे वर्षांनी जर्मन तत्त्वज्ञ लाइबनिट्सने हेच एका पुस्तकाच्या उदाहरणाने सांगितलं. भूमितीच्या पुस्तकाची प्रत आधीच्या प्रतीवरून केली, ती त्याच्या आधीच्या प्रतीवरून, असं अनंतापर्यंत मागे गेलात तरी असलं पुस्तक मुळात का आहे आणि त्यात हेच का लिहिलंय, हे कळत नाही.

यावर स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचा आक्षेप असा: वीस कणांचा ढीग आहे आणि प्रत्येक कण का आहे ते मी तुम्हाला सांगितलं. मग 'आता विसांचं मिळून कारण सांगा' हा प्रश्न शिल्लक राहतच नाही. रसेलने १९४८ मध्ये बीबीसीवर फ्रेडरिक कॉपलस्टन या जेझुइट पाद्र्याशी झालेल्या वादात हेच वेगळ्या शब्दांत मांडलं. प्रत्येक माणसाला आई असते, म्हणून मानवजातीला आई आहे असं होत नाही. विश्व आहे, एवढंच. तो संवाद आजही वाचण्यासारखा आहे. दोघं एकमेकांना न टोचता बोलतात आणि तरी एक इंचही सरकत नाहीत.

मला ह्यूमचा आक्षेप अर्धाच लागू वाटतो. भागांचे सगळे गुण समुदायाला लागू होत नाहीत हे खरं, पण काही होतात. प्रत्येक भाग मातीचा असेल तर सगळी वस्तू मातीचीच असते. 'नसूही शकलं असतं' हा गुण आईपणासारखा आहे की मातीच्या असण्यासारखा, हा खरा प्रश्न, आणि तो 'मानवजातीला आई नाही' म्हटल्याने सुटत नाही. पण ह्यूमने त्याच ठिकाणी दुसरा बाण मारला आहे आणि तो वर्मी लागतो. नसूच शकत नाही असं काहीतरी हवंच असेल, तर ते हे भौतिक विश्वच का असू नये? याकडे परत येऊ.

त्याआधी आपल्याकडचं, कारण इथली चर्चा जास्त बारीक आहे. नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शनाच्या तार्किकांचं, अनुमान शाळकरी वाटावं इतकं छोटं आहे: क्षित्यङ्कुरादिकं कर्तृजन्यं, कार्यत्वात्, घटवत्. पृथ्वी, अंकुर वगैरे कोणीतरी केलेलं आहे, कारण ते कार्य आहे, घटासारखं. दहाव्या शतकाच्या अखेरीला मिथिलेत उदयनाचार्यांनी याभोवती अख्खा गड उभारला. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. न्यायमताचा ईश्वर शून्यातून काही निर्माण करत नाही. परमाणू नित्य, आत्मे नित्य, काळ आणि दिशाही नित्य. सृष्टी आणि प्रलय यांचं चक्र अनादि. घटाला तीन कारणं लागतात: ज्यांत तो समवायाने, म्हणजे अतूट संबंधाने, राहतो ती कपालं, म्हणजे घटाचे दोन अर्धे भाग, त्या कपालांचा संयोग, आणि कुंभार, दंड, चक्र ही निमित्तकारणं. ईश्वर या तिसऱ्या वर्गातला, जगाचा कुंभार. तेव्हा 'ईश्वराला कोणी केलं?' असं नैयायिकाला विचारलंत तर तो शांतपणे उलट विचारेल, ईश्वर कार्य आहे असं तुम्हाला कशावरून वाटलं? अनुमानाचा हेतू, म्हणजे आधार, 'कार्यत्व' आहे, 'अस्तित्व' नाही.

आणि अनवस्थेचं काय? बी आधी की झाड आधी, ही परंपरा अनंत आहे हे नैयायिक मान्य करतात आणि तरी ती दोष मानत नाहीत, कारण बी आणि झाड ही जोडी प्रत्यक्ष दिसते. एक जुनं वचन आहे: मूलक्षतिकरीं प्राहुरनवस्थां हि दूषणम्. जी अनवस्था मुळावरच घाव घालते, तिला दोष म्हणायचं. विरजण आणि फळ्या यांच्यात मी वर जो भेद केला, त्याच्या अगदी शेजारी हा निकष येऊन बसतो.

मग या अनुमानाला उत्तर कोणी दिलं? बौद्धांनी, आणि ते असं दिलं की आजही त्याच्याइतकं नेमकं उत्तर मला आधुनिक पुस्तकांत क्वचित सापडतं. सातव्या शतकातल्या धर्मकीर्तीचं म्हणणं पहा. घट मातीचा विकार आहे आणि तो कुंभार करतो. वारूळही मातीचाच विकार आहे. म्हणून वारूळ कुंभाराने केलं का? फक्त शब्द सारखा आहे म्हणून अनुमान चालत नाही. ज्या प्रकारची रचना कर्ता असताना होते आणि नसताना होत नाही असं आपण पाहिलं आहे, त्याच प्रकारची रचना दिसली तरच कर्त्याचं अनुमान करता येतं. पडका वाडा पाहून बांधणाऱ्याचं अनुमान रास्त आहे, कारण वाडे बांधणारे आपण पाहिले आहेत. डोंगर बांधताना कोणाला पाहिलंय? 'कार्य' हा एकच शब्द घटाला आणि डोंगराला लावला की दोघांची जात एक झाली असं वाटतं, आणि तिथेच फसगत होते. घड्याळ पाहून घड्याळजी आठवणाऱ्या युक्तिवादाला ह्यूमने अठराव्या शतकात दिलेलं उत्तर याच वाटेने जातं.

दुसरा हल्ला शरीरावरून. आपण पाहिलेला प्रत्येक कर्ता देहधारी आहे. शेतात अंकुर फुटताना कोणाचा हात दिसत नाही. म्हणजे 'केलेलं असणं' याच्याबरोबर 'शरीराने केलेलं असणं' ही अट गुपचूप आली आहे. ओल्या लाकडाची अट विसरून 'आग आहे म्हणजे धूर असणारच' म्हणावं, तशी ही चूक. न्यायदर्शनाची भाषा वापरायची तर हा उपाधी, म्हणजे अनुमान बिघडवणारी लपलेली अट. नैयायिकांचं प्रत्युत्तर असं की अंकुर हाच तर वादाचा विषय, त्यालाच विरोधी उदाहरण म्हणून पुढे करता येणार नाही. आणि 'शरीराने न केलेलं म्हणून कर्ता नाही' या विधानात शरीर हा शब्द फुकट आहे, 'न केलेलं म्हणून कर्ता नाही' एवढंच पुरतं. उत्तर चलाख आहे. धर्मकीर्तीच्या वारुळाला मात्र ते हात लावू शकत नाही.

ईश्वर मानणाऱ्यांनीही या अनुमानावर टीका केली, ही गोष्ट बऱ्याच लोकांना ठाऊक नसते. रामानुजाचार्य कट्टर ईश्वरवादी, पण श्रीभाष्यात ते ठणकावून सांगतात की ईश्वर अनुमानाने सिद्ध होत नाही, तो शास्त्रातूनच कळतो. त्यांचा प्रश्न साधा आहे. पृथ्वी, पर्वत, समुद्र ही कार्यं आहेत असं मानलं, तरी ती सगळी एकाच वेळी आणि एकाच कर्त्याने केली याला पुरावा काय? वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या कर्त्यांनी केली नसतील कशावरून? ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात शंकराचार्यही केवळ निमित्तकारण असलेल्या, जगाबाहेर बसून मांडामांड करणाऱ्या ईश्वराच्या कल्पनेवर तुटून पडतात. तेव्हा काकांच्या युक्तिवादाला नाही म्हणणं म्हणजे नास्तिक होणं, असं समजायचं कारण नाही.

आता बिग बँग. विज्ञानाच्या आजच्या समजुतीप्रमाणे आपलं विश्व सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी अतिशय तप्त आणि दाट अवस्थेत होतं आणि तेव्हापासून ते प्रसरण पावत आहे. ही कल्पना मांडणाऱ्यांत अग्रभागी असलेला जॉर्ज लमेत्र हा बेल्जियन शास्त्रज्ञ स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता. १९५१ च्या नोव्हेंबरात पोप बारावे पायस यांनी या सिद्धांतात निर्मितीची साक्ष मिळाल्यासारखं भाषण केलं, तेव्हा लमेत्र खूश झाला नाही, अस्वस्थ झाला. आपला सिद्धांत धार्मिक प्रश्नांच्या बाहेरचा आहे, भौतिकवाद्यालाही तो मानायला मोकळीक आहे, ही त्याची भूमिका होती. पुढच्या वर्षी रोममध्ये खगोलशास्त्रज्ञांचं जागतिक अधिवेशन भरलं, तेव्हा पोपनी तो सूर पुन्हा लावला नाही.

दुसऱ्या बाजूला ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल आणि आपले कोल्हापूरचे जयंत नारळीकर. विश्वाला सुरुवातच नाही ही बाजू त्यांनी लढवली. १९९३ मध्ये जेफ्री बर्बिजसह त्यांनी स्थिरस्थितीच्या कल्पनेचं सुधारलेलं रूपही मांडलं. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी ते स्वीकारलं नाही. पण समजा नारळीकरांची बाजू जिंकली असती, तर आदिकारणाचं काय झालं असतं? गझालीचा युक्तिवाद अडचणीत आला असता. इब्न सीना, अ‍ॅक्विनास, उदयन यांच्या केसालाही धक्का लागला नसता, कारण अनादि विश्व त्यांनी आधीच हिशोबात धरलं होतं. आणि बिग बँग जिंकला म्हणून तुमचे काकाही जिंकत नाहीत. आज हाती असलेलं भौतिकशास्त्र त्या तप्त अवस्थेपर्यंत जातं, तिच्यामागे काय होतं, किंवा 'मागे' या शब्दाला तिथे अर्थ तरी आहे का, हे ते सांगत नाही. 'क्वांटम पोकळीतून विश्व शून्यातून आलं' हे वाक्यही जपून वाचा. त्या पोकळीत ऊर्जा असते, तिला नियम लागू असतात. तिला शून्य म्हणणं हा शब्दांचा खेळ आहे. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आरुणी आपला मुलगा श्वेतकेतूला विचारतो, कथमसतः सज्जायेत, असतापासून सत् कसं जन्मेल? त्या प्रश्नाला या पोकळीने अजून उत्तर दिलेलं नाही.

आता मघाच्या बाणाकडे. पहिलं कारण आहे असं मान्य केलं, तरी ते ईश्वर आहे हे कुठून आलं? अ‍ॅक्विनास ईश्वरसिद्धीच्या आपल्या प्रत्येक मार्गाच्या शेवटी 'यालाच सगळे ईश्वर म्हणतात' अशा अर्थाचं वाक्य टाकतो आणि टीकाकार तिथेच पुस्तक मिटतात. हा थोडा अन्याय आहे. पुढच्या प्रकरणांत ते आदिकारण निरवयव का, एकच का, ज्ञानवान का, हे तो पानंच्या पानं सिद्ध करू बघतो. पण ही पायरी कच्ची आहे हे मला मान्य आहे, आणि ती किती कच्ची हे दाखवायला आपल्याकडे एक अख्खं दर्शन उभं आहे.

सांख्य आदिकारण मानतात. मूलप्रकृतिरविकृतिः, मूळ प्रकृती कोणाचा विकार नाही. सांख्यसूत्रात याचं कारण एका ओळीत दिलंय: मूले मूलाभावादमूलं मूलम्. मुळाला मूळ नसतं, म्हणून मूळ हे निर्मूळ. इतकं स्वच्छ आदिकारण क्वचितच कोणी मांडलं असेल. आणि ते जड आहे. त्याला ज्ञान नाही, इच्छा नाही. त्याची पूजा करून काही मिळायचं नाही. मग जड प्रकृती जीवांच्या उपयोगी पडेल असं जग कसं घडवते? सांख्यकारिका म्हणते, वासरासाठी गाईला पान्हा फुटतो, दुधाला कुठे ज्ञान असतं? शंकराचार्यांचं उत्तर असं की दूध जड असलं तरी गाय चेतन आहे, तिच्या वात्सल्याने पान्हा फुटतो, वासरू ओढतं म्हणून दूध येतं.

या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत खरा वाद आहे. 'पहिलं काही आहे का?' या प्रश्नावर सांख्य, नैयायिक, वेदान्ती, अ‍ॅक्विनास आणि बरेचसे भौतिकवादी शेवटी जवळजवळ एकाच बाजूला येतात. कुठेतरी थांबावं लागतंच. रसेल विश्वापाशी थांबला, सांख्य प्रकृतीपाशी, काका ईश्वरापाशी. पटणारं थांबण्याचं ठिकाण कोणतं, आणि तिथे चेतना आहे की नाही, यावर त्यांच्यात मतभेद आहेत. माझं मत विचाराल तर आधाराचा युक्तिवाद, म्हणजे इब्न सीनाचा, 'स्वतःच्या बळावर असलेलं काहीतरी आहे' इथपर्यंत नेऊन सोडतो आणि तो टप्पा मला पटतो. तिथून पुढे ते काहीतरी जाणतं, इच्छितं, तुमचं ऐकतं, असं म्हणायला लागणारा माल त्या युक्तिवादात नाही. तो श्रुतीतून आणा, अनुभवातून आणा, पण कारणाच्या साखळीतून येतो असं म्हणू नका.

शेवटी एक अडचण राहते, आणि ईश्वरवाद्यांना 'देवाला कोणी निर्माण केलं'पेक्षा ती जास्त जड जाते. आदिकारण चेतन आहे असं धरलं, तर त्याने जग का केलं? मीमांसादर्शनाच्या कुमारिल भट्टांनी विचारलंय, प्रयोजनमनुद्दिश्य न मन्दोऽपि प्रवर्तते, मंदबुद्धीचा माणूससुद्धा काही हेतू असल्याशिवाय कामाला लागत नाही. हेतू होता म्हणाल, तर ईश्वराला काहीतरी कमी होतं. हेतू नव्हता म्हणाल, तर प्रत्येक गोष्टीला पुरेसं कारण हवं हा लाइबनिट्सचा नियम, ज्याच्या जोरावर आपण इथवर आलो, तो नेमका शेवटच्या पायरीवर मोडतो. त्याला करावंच लागलं म्हणाल, तर जगही त्याच्याइतकंच अटळ ठरतं आणि 'जग नसूही शकलं असतं' हे आपलं पहिलं वाक्य खोटं पडतं. ब्रह्मसूत्रकारांना हा पेच ठाऊक होता. त्यांनी आक्षेप स्वतःच नोंदवला आणि पुढच्याच सूत्रात उत्तर दिलं: लोकवत्तु लीलाकैवल्यम्. लोकांत दिसतं तशी ही नुसती लीला. सर्व काही हाताशी असलेला राजा काही मिळवायचं नसतानाही खेळतो, तसं.

लीला हे उत्तर सुंदर आहे यात शंका नाही. पण 'का?' या प्रश्नाचं ते उत्तर आहे की तो प्रश्न विचारू नका अशी विनंती, हे मला इतकी वर्षं शिकवूनही ठरवता आलेलं नाही. काकांशी पुन्हा बोलणं झालं तर ईश्वराला कोणी केलं, हे विचारू नका. त्याने हे का केलं, ते विचारा, आणि ते लीला म्हणाले तर कुमारिलांची ओळ पुढे करा.